उत्तर पोचले का?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता इतके रुळले आहे की ते मराठी नव्हे असे म्हणण्याची माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाचीही छाती होत नाही. बँकेत जा, रेशनच्या दुकानात जा, सातबाऱ्याचा उतारा काढावयास जा. खिडकीपलीकडचे गृहस्थ मान वर न करता हे वाक्य टाकतात आणि आपण, कोणाच्या घरी दुखणे निघाले आहे असे ऐकल्यासारखा चेहरा करून, मुकाट्याने माघारी फिरतो. हा सर्व्हर कोण आणि तो ‘डाऊन’ होतो म्हणजे पडतो की झोपतो, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

शब्दाचा अर्थ तसा घरगुती आहे. सर्व्हर म्हणजे वाढपी. यंत्रालाही सर्व्हर म्हणतात आणि त्या यंत्रात चालणाऱ्या प्रोग्रामलाही. खरा वाढपी म्हणजे तो प्रोग्राम. दिवसरात्र दाराशी कान लावून बसावयाचे, कोणी काही मागितले की वाढावयाचे, हे त्याचे काम. वेबवरचा असा पहिला वाढपी टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत लिहिला. तो नेक्स्ट नावाच्या संगणकावर चाले, आणि हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. दिवे मालवून घरी निघालेल्या कोणा सहकाऱ्याच्या हातून सारे जाळे बंद पडू नये, एवढीच ती तजवीज!

त्या वेळची भाषा अगदी बाळबोध होती. मागणी एका ओळीची आणि उत्तरात नुसते पान. मागितलेले पान नसले तर तसे सांगणारे दुसरे पान येई. वाचणाऱ्या माणसाला ते कळे, त्याच्या यंत्राला मात्र कळत नसे. १९९६ साली एचटीटीपी या बोलीची १.० ही आवृत्ती लिहून निघाली, तिच्यात उत्तराला रीतसर पत्राचे रूप आलेले दिसते. पहिल्या ओळीत एक तीन आकडी संख्या. मग मायन्यासारख्या काही ओळी: मजकूर कोणत्या जातीचा, किती लांब, किती दिवस ताजा समजावा. मग एक कोरी ओळ आणि तिच्याखाली प्रत्यक्ष मजकूर. ती कोरी ओळ विसरली तर मायना कोठे संपला हेच पलीकडच्याला कळत नाही.

त्या तीन आकड्यांत पहिला महत्त्वाचा. २ म्हणजे काम झाले. ३ म्हणजे दुसरीकडे पाहा. त्यातला ३०४ मोठा समंजस, तुमच्याजवळ आहे तेच पान अजून चांगले आहे, पुन्हा कशाला पाठवू, असे तो म्हणतो. ४ म्हणजे तुमचे चुकले. ४०४ आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आणि ५ म्हणजे आमचे चुकले. ५०३ हे उत्तर तर, सध्या आमची ताकद नाही, इतक्या सेकंदांनी या, असेही सांगू शकते. आपल्या कचेऱ्यांतून पाचशेच्या घरातले उत्तर निदान मी तरी अद्याप ऐकलेले नाही; तेथे सर्व काही चारशेच्या घरातच निघते.

मजकूर किती लांब हे आधी सांगता आले नाही तर? पुरणपोळ्या तव्यावरून उतरतील तशा पानात पडाव्यात, तसे मग उत्तर तुकड्यातुकड्याने वाढले जाते. प्रत्येक तुकड्याआधी त्याचे माप, आणि अखेरीस शून्य मापाचा तुकडा. त्यावरून जेवणाऱ्याला कळते की आता पोळी येणार नाही.

गर्दी झाली की मात्र वाढप्याची परीक्षा. १९९५ साली आलेल्या अपाची या सर्व्हरची जुनी रीत अशी, की प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र वाढपी उभा करावयाचा. पाहुणा चटकन जेवणारा असला तर ठीक. पण खेड्यातल्या क्षीण नेटवर्कवर बसलेला पाहुणा घास घास चावत राहिला, की त्याचा वाढपी पातेले घेऊन तेथेच खोळंबतो. वाढपी संपले की दारातली माणसे दारातच. इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थांनी २००४ साली एन्जिन्एक्स हा सर्व्हर लोकांच्या हाती दिला, त्यात आपल्या पंगतीचा शहाणपणा आहे: वाढपी मोजकेच, पण कोणापाशी थांबावयाचे नाही, ज्याचे पान रिकामे दिसेल तेथे वाढून पुढे सरकावयाचे. अशा रीतीने एकाच यंत्रावर हजारो पाने सांभाळली जातात. निकालाच्या दिवशी जी संकेतस्थळे तग धरतात, त्यांच्या मागे बहुधा अशीच काहीतरी सोय असते.

येथवर सारे मौजेचे. पण मागच्या वर्षी आमच्या टी. वाय.च्या वर्गातील एका मुलीचे जे झाले, त्यात मौज नव्हती. परीक्षेचा फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ. तिने फोनवर ‘पैसे भरा’ हे बटन दाबले. चक्र फिरत राहिले आणि मग पडदा कोरा. तिने पुन्हा दाबले. साडेसातशे रुपये दोनदा गेले. तिची आई पोळीभाजीचे डबे करून घर चालवते. त्या घरात साडेसातशे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. मुलगी तीन आठवडे दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालत होती. एका खिडकीवर तिला नोंदवही दाखवली गेली: दोन्ही वेळा उत्तर दिले आहे, दोन्ही वेळा २०० आहे, मग तुला मिळाले नाही कसे म्हणतेस?

नोंद खोटी नव्हती, मुलगीही खोटी नव्हती. सर्व्हर उत्तर तयार करतो आणि आपल्याच यंत्रातल्या व्यवस्थापक प्रणालीच्या हवाली करतो. आपण पत्र टपालपेटीत टाकून घरी येतो तसे. पुढे ती प्रणाली त्याचे दीडेक हजार बाइटचे तुकडे करते, एकेक रवाना करते, पोच आली नाही तर पुन्हा पाठवते, आणि काही काळाने नाद सोडते. सर्व्हरची वही बहुधा पेटीत टाकल्याची असते, वाचल्याची नसते. मधल्या मध्ये मुलीचा फोन नेटवर्कबाहेर गेला तर पैसे वळते झालेले, उत्तर वाटेत विरलेले, आणि तिच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. शिवाय या बोलीत सर्व्हरला स्मरण नसते. दुसरे बटन त्याला दुसरीच मागणी वाटते.

तेव्हा ‘दोनदा कशाला दाबलेस?’ असे मुलांवर खेकसणे मला पटत नाही. कोऱ्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाला, काम झाले नाही की काम झाले पण उत्तर आले नाही, हे ओळखण्याचे साधनच नाही. अशा वेळी आधी बँकेचा संदेश किंवा खाते पाहावे हे खरे, पण शेवटची तारीख असली म्हणजे तेवढा धीर मोठ्यांनाही राहत नाही.

उपाय आहे, आणि तो बटन दाबणाऱ्याच्या नव्हे, फॉर्म बांधणाऱ्याच्या हाती आहे. फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यावयाचा आणि तो मागणीबरोबर यावा अशी सोय करावयाची. सर्व्हरने तो आपल्या टाचणात ठेवावयाचा. तोच क्रमांक पुन्हा आला की पैसे न घेता पहिलेच उत्तर पुन्हा पाठवावयाचे. मग पोरीने दहादा दाबले तरी पैसे एकदाच जातात. पैशांची देवघेव चालवणाऱ्या मोठ्या व्यवस्थांमध्ये ही रीत आता रुळलेली आहे. मुलीच्या त्या फॉर्मवर असा क्रमांक नव्हता. जादा गेलेले पैसे परत आले ते पुढच्या सत्राचा फॉर्म निघाला तेव्हा.