यंत्र बदलण्यापूर्वी हिशेब तपासा

चोपड्यांची जागा संगणकाने घेतल्याला आता बरीच वर्षे लोटली. आज अनेक पेढ्यांत एक मध्यवर्ती संगणक असतो. पावत्या, खाती व पत्रव्यवहार त्यावर साठवितात आणि गादीवरचे व गोदामातले संगणक तारेच्या जाळ्यातून त्याच्याशी व्यवहार करतात. असे पुष्कळसे संगणक १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेल्या लिनक्स प्रणालीवर चालतात. विंडोजच्या संगणकांशी त्यांचे बोलणे घडवून आणणारा दुभाष्या म्हणजे सांबा होय.

ऐन वर्षअखेरीस हा संगणक मंदावतो. पावती निघत नाही, मालमोटारी दाराशी खोळंबतात आणि दोष कारकुनाच्या माथी मारला जातो. विक्रेता येऊन सांगतो की, यंत्र जुने झाले, नवे घ्या. आमचे स्पष्ट मत असे की, कारण सिद्ध झाल्याविना एक रुपयाही खर्च करू नये. अन्यथा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार व्हावयाचा.

तपासाची साधने लिनक्समध्येच असतात. ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता कोणते काम प्रोसेसरचा किती वेळ खाते, ते पडद्यावर दिसते. तेथील सरासरी भाराचा आकडा पाहून मात्र घाबरू नये. त्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांबरोबर तबकडीसाठी खोळंबलेली कामेही मोजली जातात. ‘डब्ल्यू-ए’चा आकडा मोठा असेल, तर प्रोसेसर बहुधा निर्दोष असून तबकडी संथ आहे असे समजावे.

सांबाच्या ‘एस-एम-बी-डी’ या कामानेच वेळ खाल्ला असेल, तर त्याचा क्रमांक टिपून ‘एस-एम-बी-स्टेटस’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक जोडणीचे काम स्वतंत्र असल्याने भार कोणत्या संगणकाकडून येतो, ते तत्काळ कळते.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत एक कारण विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वर्षानुवर्षांच्या हजारो पावत्या एकाच कप्प्यात ठेवलेल्या असतात. विंडोज इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद मानीत नाही, लिनक्स मानते. म्हणून नवी पावती ठेवताना त्या नावाची दुसरी आहे काय, हे पाहण्यासाठी सांबाला संपूर्ण कप्पा चाळावा लागतो. पन्नास हजार पावत्या असतील, तर एका पावतीसाठी पन्नास हजार नावे! नवे यंत्र आणले तरी हे चाळणे चुकत नाही. दुखणे केवळ पुढे ढकलले जाते. वर्षवार व महिनावार कप्पे पाडणे हा याचा बिनखर्ची उपाय आहे. आपले वडीलधारे दरसाल नवी चोपडी घालीत, त्यातले शहाणपण येथेही उपयोगी पडते.

दुरुस्तीच्या वेळी वाढविलेली नोंदींची पातळी तशीच राहणे, भर दुपारी विषाणुशोधक किंवा नक्कल काढण्याचे काम चालणे, हीही नेहमीची कारणे होत. पहिली पातळी पूर्ववत करावी. दुसरी कामे रात्री लावावीत.

सुरळीत दिवसाचे आकडे वहीत टिपून ठेवण्याचा प्रघात प्रत्येक पेढीने पाडावा, अशी आमची सूचना आहे. निरोगी नाडी ठाऊक असल्याशिवाय ताप ओळखता येत नाही. संघानेही सभासदांच्या मुलामुलींपैकी जाणत्यांना या कामी पुढे आणावे. खरेदीचा निर्णय विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, आपल्या आकड्यांवर व्हावा, हाच व्यापारधर्म होय.