ब्रेक नवे, तेल जुने

माझ्या भाच्याने जुनी 'सॅन स्टॉर्म' घेतली. गोव्यात तयार झालेली, दोनच माणसांची ही स्पोर्ट्स कार. पुढच्या चाकांना त्याने भोकांच्या नव्या डिस्क बसवल्या. तुमसरहून आंबागडचा किल्ला पाहायला निघालो. "मामा, आता गाडी जागच्या जागी थांबते," म्हणत वाटेत चार-सहा वेळा त्याने वेगातून करकचून ब्रेक मारून दाखवले.

गडाच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. पेडल पार खाली गेले. पुन्हा पुन्हा दाबल्यावर गाडी थांबली, शेवटच्या शेळीपासून हातभर अंतरावर. शेळ्या राखणारा पोरगा काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला.

गाडी हळूहळू तुमसरला परत आणली. मिस्त्रीने ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. आत कोऱ्या चहासारखे काळपट तेल! हे तेल हवेतली ओल शोषते. कोरडे 'डॉट ४' तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. वेग दुप्पट केला तर थांबताना उष्णता चौपट. तेल उकळून वाफ झाली, की पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो. चाकापर्यंत पोचत नाही. मग डिस्क कितीही भारी असो.

साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलायचे असते. डिस्कच्या किमतीपुढे त्याचा खर्च तो काय! पण नवे तेल कुणाला दाखवता येत नाही ना. मीही निघताना मायलेज विचारले होते, तेल कधी बदलले ते नाही.

आंबागड त्या दिवशी राहूनच गेला.