कळसूची अट

“सहलींवर कसले लेख लिहिता? पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न संपले का?” असं आपल्यातल्याच मैत्रिणी विचारतात. डोंगर चढणं ही मध्यमवर्गाची हौस, चळवळीनं त्यात वेळ घालवू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य नाही. बाईला एक अख्खा दिवस स्वतःसाठी मिळतो की नाही, हा प्रश्न रेशनइतकाच राजकीय आहे.

आधी कुटुंबाची सहल घेऊ. पावसाळ्यातला रविवार, लोहगडला जायचं ठरतं. ठरवतो नवरा. ती पहाटे चारला उठते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, सासूबाईंसाठी बिनतिखट वेगळं. टॉवेल, मुलांचे कपड्यांचे जोड, औषधं, पाणी. पायथ्याशी पोचल्यावर ती म्हणते, “तुम्ही या जाऊन, मी सामानापाशी बसते.” दुपारी ती वाढते, संध्याकाळी घरी आल्यावर चिखलाचे कपडे भिजवते, डबे घासते. आणि वर ऐकते, “हिला फिरवून आणलं!” फिरवून गुरांना आणतात.

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामावर बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं दिसलं. सहलीच्या दिवशी हा हिशोब थांबत नाही. फक्त चुलीची जागा बदलते.

ऑफिसची सहल वेगळी नसते. वर्गणी सारखी, पण ‘खाण्याचं लेडीज बघतील’ हे न विचारता ठरलेलं. बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या सुरू होतात, घाटात चावट विनोद सुरू होतात. जी येत नाही ती ‘मिसळत नाही’, जी येते आणि हसते तिच्याबद्दल सोमवारी कुजबुज. इथे एक गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त चार भिंती नाहीत. नोकरीच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती जागा आणि मालकानं पुरवलेलं वाहनही त्यात येतं. कार्यालयानं काढलेल्या सहलीत छळ झाला, तर तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. ‘ती तर मजेची सहल होती’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नये.

आता वस्तीकडे येऊ. मी ज्या बचत गटांबरोबर काम करते, त्यांतल्या बायांनी एक दिवस डोंगरावर जायचं ठरवलं. पहिली सूचना आली, “ताई, घरी प्रशिक्षण आहे असं सांगा.” बाई कर्जासाठी बँकेत जाऊ शकते, मोर्चाला जाऊ शकते, देवाला जाऊ शकते. बाहेर पडायला घराच्या, देवाच्या नाहीतर समाजाच्या उपयोगाचं कारण लागतं. ‘मला वारा खायचाय’ हे कारण चालत नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमातही आम्हाला सहल शिकवली ती गट बांधण्याचं साधन म्हणून. बाईचा आनंद कायम कशाचं तरी साधनच का असावा?

“पण सुरक्षित नाही ना,” असं म्हणून विषय संपवला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांपैकी सर्वांत मोठा गट वर्षानुवर्षं नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. तरी बाईला घरात राहू नको असं कुणी सांगत नाही.

आणि मध्यमवर्गाच्या हौसेचं म्हणाल, तर डोंगर कष्टकरी बाईला नवा नाही. सरपणाचे भारे घेऊन ठाकर, कातकरी बाया रोज चढउतार करत आल्या. सिंहगडावर दह्याची मडकी आणि भाकरीचं पीठ बायांनीच वाहून नेलं. नवा आहे तो ओझ्याशिवायचा डोंगर. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे आणि हजारो कामगारांनी झगडून मिळवली. तेव्हा विश्रांती ही कुणाला हौस वाटली नाही, ती हक्क होती. ती सुट्टी घरातल्या चुलीपर्यंत अजून पोचलेली नाही.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. बारी गावातून लोखंडी शिड्या चढून लोक वर जातात, देवीला नमस्कार करतात. पण तिची जुन्या गॅझेटिअरात नोंदलेली लोककथा किती जणांना ठाऊक असते? कळसू ही रानात भटकायची आवड असलेली कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला तेच काम सांगितलं गेलं. तिनं ते केलं, आणि मग सरळ डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. आपण तिची देवी केली आणि तिची अट विसरलो. तिच्या देवळापर्यंत नवऱ्याच्या मागून जाणाऱ्या बाईच्या पाठीवर आज डब्यांची पिशवी असते.

म्हणून माझं म्हणणं असं. कुटुंबाची सहल ठरली, की डबा कोण करणार आणि परत आल्यावर भांडी कोण घासणार, हे आधी ठरवा. तो करणार नसेल, तर पायथ्याच्या गावातल्या बाईकडून पिठलं-भाकरी घ्या आणि तिला पुरते पैसे द्या. २०२५ साली महाराष्ट्रातले अकरा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या जिल्ह्यातल्या गडाच्या पायथ्याशी पाणी असलेलं, स्वच्छ, फुकट शौचालय आहे का, हे गटानं जाऊन पाहावं आणि नसेल तर ग्रामपंचायतीकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागावं. आडोसा मिळेल की नाही या धास्तीनं दिवसभर पाण्याचा घोट न घेता बायांनी गड चढणं थांबलं पाहिजे.

आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी आपल्या गटाची सहल निघेल तेव्हा घरी ‘प्रशिक्षण’ सांगू नका. सहलीला चाललोय, संध्याकाळी येऊ, जेवणाचं तुम्ही बघा, एवढंच सांगा.