मशीनलाच विचारा की!

मागच्या आठवड्यात यवतमाळला घरी गेलो होतो. ओळखीच्या एका ऑफिसात (नाव नको) दोन पोरं डेडस्टॉक रजिस्टर घेऊन टेबलांखाली वाकून कॉम्प्युटर मोजत होती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना, म्हणून कुठल्या मशीनवर काय आहे याची यादी वरून मागवलेली. नंतर पुसद, उमरखेड, वणी. तेही एसटीने!

अहो, मशीनलाच विचारा की! विंडोज २००० पासून डब्ल्यूएमआय नावाची सोय आत बसलेली आहे. रॅम किती, डिस्क किती भरली, कुठलं विंडोज, सगळं ती सांगते. पॉवरशेलमध्ये 'गेट-सिमइन्स्टन्स विन३२_ऑपरेटिंगसिस्टम' लिहा. पुढे दुसऱ्या मशीनचं नाव जोडलं की तिचीही माहिती तुमच्या स्क्रीनवर. नावांची फाइल करा, लूप फिरवा, एक्सेलला चालेल अशी यादी तयार. (व्हीबीस्क्रिप्टवाल्या जुन्या मंडळींनो, मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच तिला निरोप द्यायचं जाहीर केलंय. आता नवीन काही त्यात लिहू नका.)

खाचखळगे आहेतच. समोरच्या मशीनवर विनआरएम चालू हवं, अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत, शाखेपर्यंत नेटवर्क हवं. असेंबल केलेल्या मशीनला सिरियल नंबर विचारला तर ती बरेचदा 'टु बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं बिनधास्त सांगते. आणि सॉफ्टवेअरच्या यादीसाठी विन३२_प्रॉडक्टच्या वाटेला जाऊ नका. ते नुसतं विचारत नाही, एकेक इन्स्टॉलेशन तपासत बसतं, कधी दुरुस्तही करायला लागतं!

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एरर दिसू नये म्हणून लोक स्क्रिप्टमध्ये 'सायलेंटलीकंटिन्यू' टाकतात. समजा, ४० मशीनना विचारलं आणि ३१ नी उत्तर दिलं. उरलेली नऊ कुठे गेली? वीज नव्हती, फायरवॉल आडवा आला की मशीन कपाटावर धूळ खातंय? रिपोर्टमध्ये ती नसतातच. साहेब खूश, सगळं अपडेट! माझा अनुभव असा की जुनी, धोक्याची मशीनंच गप्प बसतात. म्हणून न बोलणाऱ्यांची नावं यादीत सगळ्यात वर, लाल रंगात हवीत.

पोरांना तेवढं लिहून दिलं. त्यांचा उमरखेडचा फेरा काही टळणार नाही, पण आता कुठलं टेबल गाठायचं ते माहीत असेल.