परक्या हातचें काडतूस

पीकसंरक्षणार्थ परवान्याची बंदूक बाळगणारे कांहीं शेतकरीबंधु दुसऱ्यानें घरीं भरलेलीं काडतुसें स्वस्त म्हणून घेतात. हा व्यवहार आमच्या मतें सर्वथा त्याज्य होय. आंत काळी दारू आहे कीं बिनधुराची, व ती किती, हें बाहेरून कळत नाहीं. काळ्या दारूच्या मापानें बिनधुराची भरल्यास दाब बेसुमार वाढून नळी फुटण्याचा संभव असतो. दारू कमी पडल्यास डाट नळींत अडकून पुढचा बार घातक ठरतो. भरणारा विश्वासू असला तरी विश्वास म्हणजे वजनकांटा नव्हे. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें कलम ५ विनापरवाना दारूगोळा बनविण्यास व विकण्यास मनाई करतें. सबब परवानाधारक दुकानांतूनच पावती घेऊन काडतुसें घ्यावींत. चार पैसे वांचवून डोळा गमावणें, हा कोणता हिशेब?