आरशात बघायला सांगू नका

‘जरा आरशात बघ, हाडं दिसायला लागलीत!’ ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार, जडलेल्या मुलीला हे वाक्य घरीदारी ऐकावं लागतं. बोलणाऱ्याला वाटतं, तिचं स्वतःकडे लक्षच नाही, ते वेधलं की तिचे डोळे उघडतील. काहीजण नेमकं उलट बोलतात: हिला स्वतःपलीकडे काही दिसत नाही, ही सगळी दिसण्याची हौस आणि नाटकं, दोन दिवस दुर्लक्ष करा, मुकाट्यानं जेवेल. ही दोन्ही मतं चुकीची आहेत आणि त्यांच्यापायी उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो.

आधी आरशाचं बघू. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. छायाचित्रं बघताना स्त्रियांची नजर कुठे रेंगाळते, हे त्यांनी मोजलं होतं. खाण्याच्या विकाराची लक्षणं असलेल्या स्त्रिया स्वतःच्या छायाचित्रात नावडते भाग बघत राहिल्या आणि दुसरीच्या छायाचित्रात देखणे भाग. लक्षणं नसलेल्यांचं याच्या उलट होतं. म्हणजे लक्ष होतंच, पण ते पक्षपाती होतं. अशा नजरेला एकटीनं आरशासमोर उभं करणं म्हणजे तिच्याविरुद्ध आणखी पुरावे गोळा करणं.

आता ‘नाटकं’ या आरोपाचं बघू. नेदरलँड्समधल्याच एका अभ्यासात (2013) स्त्रियांना कमी-अधिक रुंदीच्या दारांतून चालत जायला सांगितलं. नेमकं काय मोजलं जातंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. निरोगी स्त्रिया दार खांद्यांपेक्षा साधारण 25 टक्के रुंद असताना अंग वळवू लागल्या, तर ॲनोरेक्सिया असलेल्या स्त्रिया ते 40 टक्के रुंद असतानाच. दारात मावणार नाही असं त्यांच्या पावलांना, खांद्यांना वाटत होतं. नकळत वळलेल्या खांद्याला नाटक कसं म्हणायचं?

मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी 1962 मध्येच सांगितलं होतं की या रुग्णांना शरीराच्या आतल्या खुणा ओळखता येत नाहीत. भूक, पोट भरल्याची जाणीव, थकवा, राग, दुःख सगळं एकमेकांत मिसळतं. बाहेरून स्वतःवर चोवीस तास पहारा आणि आतून येणारी हाक मात्र ऐकू येत नाही, अशी ही अवस्था आहे. बकाबका खाण्याचे झटके येणाऱ्यांना हा पहारा असह्य होतो. घासापलीकडे काही दिसू नये म्हणून ते खातात, असं स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ हेदरटन आणि बाउमायस्टर यांनी 1991 मध्ये मांडलं. झटका ओसरला की पहारा दुप्पट कडक होतो.

यात उपासमारीचा वाटा किती, हे मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. तिथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. त्यांना दिसण्याची हौस नव्हती. तरीही ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक जेवण तासन्‌तास चिवडू लागले, खिन्न झाले. इतर कशात त्यांचं मन लागेना. उपाशी मेंदूचं लक्ष अन्नाभोवतीच फिरतं. तिथे इच्छाशक्तीची आणि संस्काराची चर्चा फोल आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: आधी अन्न, मग उमज. ‘तुझ्या मनाला पटू दे, मग खा’ हा क्रमच उलटा आहे. ‘भूक लागेल तेव्हा खा, शरीराचं ऐक’ हा सल्ला निरोगी माणसाला ठीक, पण या आजारात भुकेची खूणच भरवशाची राहिलेली नसते. म्हणून सुरुवातीला जेवायचं ते घड्याळावर: तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा खाणं. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात विकसित झालेल्या पद्धतीत किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची सूत्रं सुरुवातीला आईवडिलांच्या हाती देतात, ती याच कारणानं. वजन फार उतरलं असेल तर खाणं वाढवायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अंगात थोडी ताकद आली की लक्षाला नवं वळण लावता येतं. तेव्हा आरसाही कामाचा ठरतो, पण थेरपिस्ट सोबत हवा आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या शरीराचं वर्णन बरंवाईट न ठरवता करायला हवं.

घरच्यांनी दोन गोष्टी आजपासूनच कराव्यात. ‘किती सुकलीस’ आणि ‘छान बारीक झालीस’, दोन्ही बोलणी थांबवावीत, कारण दोन्हींमुळे तो पहारा जागा राहतो. मुलगी असो वा मुलगा, जेवण टाळणं, पाळी थांबणं, चक्कर येणं, जेवल्यावर मुद्दाम उलटी करणं यांतलं काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. ‘मला काही झालेलं नाही’ असं रुग्ण म्हणेलच; आजाराची जाणीव नसणं हे ॲनोरेक्सियाचं नेहमीचं लक्षण आहे. तिला पटेपर्यंत थांबणं म्हणजे आजाराला मुदतवाढ देणं. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. अशी मुदतवाढ त्याला देऊ नये.