घोडेस्वार नव्हे, हमाल!

आमच्या घराण्यात एक घोडेस्वार होऊन गेला. म्हणजे तशी घरची समजूत आहे. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात पेडण्याहून सावंतवाडीमार्गे बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. मागाहून वाडीच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर टपालाने एक पदक आले. एका बाजूला पंचम जॉर्जचे मुंडके, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा पुरुष. झाले! पणजोबा घोडदळात होते हे त्या नागड्याने ठरवले. पुढच्या पिढीने त्यांना सुभेदार केले. आणि आता कुलदेवतेच्या देवळाची जी स्मरणिका निघायची आहे, तिच्यात ते ‘रिसालदार’ झाले आहेत. मेल्यानंतर इतक्या बढत्या आमच्या खात्यात कुणाला मिळाल्याचे मला आठवत नाही.

मी सरकारी कारकून. कागदावर शिक्का कुठे आहे ते आधी बघायचे, मजकूर मागाहून वाचायचा, ही आमची खोड. म्हणून एकदा ते पदक हातात घेतले आणि त्याची कड बघितली. तुमच्याही घरात असले पदक असेल तर कृपा करून कड बघा! त्या युद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या पदकावर क्रमांक आहे, इंग्रजी अक्षरांत हातपाय मोडलेले पणजोबांचे नाव आहे, आणि पुढे ‘लेबर कोअर’. शिवाय पदक ब्राँझचे. लढणाऱ्या शिपायाला तेच पदक चांदीचे मिळत असे. ब्राँझचे मिळाले ते मजुरांना. घोडेस्वार मात्र दोन्हींवर तोच. आमचे पणजोबा हमाल होते.

हे सांगितल्यावर घरात जे झाले ते लिहिण्यासारखे नाही, पण लिहितो. चुलतभाऊ म्हणाला, “तुका कितें जाय रे? कोण बघता पदकाची कड?” काकांनी तर मला बाजूला घेऊन विचारले, “मजूर म्हणून तुरुंगातले कैदीही नेले होते म्हणे, खरे का?” खरे आहे. शिक्षेत सूट देऊन कैद्यांच्या तुकड्या मेसोपोटेमियात नेल्या होत्या. आमचा पणजोबा त्यांतला नसावा, कारण घरात तशी कुजबुज कधी ऐकली नाही. पण असता तर? तर तेही छापले पाहिजे, असे मी म्हणालो. काका दोन दिवस बोलले नाहीत.

माझा राग काकांवर नाही. राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या एका सवयीवर. गोव्यात कुठल्याही वाड्यावर जा, पूर्वज सरदार नाही तर किल्लेदार! साधा शिपाई आणि मजूर मग कुणाचा पूर्वज होता? पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे 14 लाख माणसे भरती झाली, त्यांतली साडेपाच लाखांवर बिगर-लढाऊ होती. जहाजे रिकामी करणारे, रेल्वेचे रूळ टाकणारे, खेचरे हाकणारे, पाणी वाहणारे, स्वैपाकी, झाडूवाले. ह्यांच्यावाचून बसऱ्याच्या बंदरातून बंदुकीची एक गोळी पुढे सरकली नसती. एवढ्या लोकांना पणतू नाहीत का? आहेत, पण ते सगळे रिसालदारांचे पणतू झाले आहेत!

पुरावा मागितला की ठरलेले उत्तर येते, “कागद इंग्रजांनी जाळले.” साफ खोटे. 1940 साली लंडनवरच्या बाँबहल्ल्यात जळले ते ब्रिटिश शिपायांचे कागद, त्यांतले सुमारे 60 टक्के. आपल्या शिपायांची सेवापुस्तके तिथे नव्हतीच, ती पलटणींकडे राहत. तिकडे पंजाबच्या सुमारे 3 लाख 20 हजार जणांची गावनिहाय रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. कुणीतरी ती उघडली, आणि 2021 पासून ती संगणकावर येऊ लागली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ तर घरबसल्या उघडते. कारकुनाचा एक सल्ला ऐका. शौर्य शोधू नका, पगार शोधा. शौर्याची नोंद व्हायला वरिष्ठाची मर्जी लागते. पगार, पेन्शन आणि वारसाचे नाव ह्यांची नोंद मात्र करावीच लागते. आमच्या पणजीला काही मिळत होते का, आणि ते कुणाच्या सहीने, हा धागा मी आता धरला आहे.

इंग्रजांना मी सोडतो असे समजू नका. बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांवर मृतांचे स्मरण आहे; गोऱ्या शिपायाचे नाव आहे, आपल्या अधिकाऱ्यांचेही आहे, पण आपल्या साध्या शिपायांचा आणि मजुरांचा नुसता आकडा. कोकणात आणि साताऱ्याकडे गावोगाव दगडी पाट्या दिसतात. ह्या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नाव एकाचेही नाही. अशी भेदाने वागवलेली नावे हजारोंनी आहेत हे युद्धस्मारकांच्या आयोगाने 2021 साली, म्हणजे शंभर वर्षांनी, कबूल केले आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. बरे झाले.

पण त्यांनी निदान आकडा तरी ठेवला. आपण घरातल्या घरात माणूसच बदलला. रिसालदाराच्या पगडीखाली एक खराखुरा हमाल गाडून टाकला, ज्याने परमुलखातल्या उन्हात पोती उचलली आणि जो तिथेच कुठेतरी मेला. त्याची माफी कोण मागणार?

स्मरणिका पुढच्या महिन्यात छापायला जाते. ‘रिसालदार’ काढून पदकावरचा क्रमांक आणि ‘लेबर कोअर’ जसेच्या तसे छापा, नाहीतर वर्गणीदारांच्या यादीतून माझे नाव काढा, असे मी लेखी कळवले आहे. भावाने अजून उत्तर दिलेले नाही. पदक तेवढे तूर्त माझ्या कपाटात आहे. घासून लख्ख करायला तो मागत होता; कड झिजेल म्हणून दिले नाही.